पोदेराचा हॉर्न आणि उजेडाचे ठिपके : वाचकांचे प्रश्न, टीचरची उत्तरं

या महिन्यात टपालाने आणि व्हॉट्सॲपवर मिळून जे प्रश्न आले त्यातले अर्ध्याहून जास्त एकाच गोष्टीवर आहेत, उजेड म्हणजे कण की लहर. बारावीचा तो धडा सध्या सगळीकडे चालू असेल म्हणून असेल कदाचित. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे या वेळची सगळी जागा यालाच देते, बाकीच्यांची पत्रं पुढच्या अंकात नक्की घेईन.

प्रश्न : टीचर, मी बारावी सायन्सला आहे. "प्रकाश कधी कणासारखा वागतो, कधी तरंगासारखा" असं लिहिलं की मार्क मिळतात पण मला ते कळतच नाही. कधी म्हणजे नेमकं कधी? त्याला कोण सांगतं की आता कण हो म्हणून? मैत्रीण म्हणते पाठ कर आणि पुढे जा. (एक विद्यार्थिनी, सावर्डे)

उत्तर : बाय, पुढे जाऊ नको, तू बरोबर जागी अडली आहेस. मी शिकत असताना हेच विचारलं होतं आणि "परीक्षेपुरतं एवढं बस झालं" असं उत्तर मिळालं होतं, ते मला कितीतरी वर्षं टोचत राहिलं. म्हणून तुला सविस्तर लिहिते, लांबेल, पण वाच.

आधी लहर. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो, अजून तो वळणाच्या पलीकडे असतो, दिसत नाही, पण हॉर्नचा पों पों ऐकू येतो आणि आपण पिशवी घेऊन दारात येतो. म्हणजे आवाज घराच्या कोपऱ्याला वळसा घालून आला आणि उजेड आला नाही. न्यूटनचा मुद्दा अगदी हाच होता, की उजेड जर लहर असता तर तोही आवाजासारखा आडोशामागे वळला असता, सावल्या अशा कडक पडल्या नसत्या, तेव्हा उजेड म्हणजे बारीक कणांचा मारा. त्याच्याच काळात हॉलंडचा ह्युगेन्स उलट सांगत होता की लहर आहे, पण न्यूटनच्या नावाचं वजन एवढं की शंभर वर्षं त्याचंच चाललं. आता बघ, न्यूटनचा विचार चुकीचा नव्हता, त्याच्या हातात एक आकडा नव्हता. लहर आडोशामागे किती वळणार हे तिच्या लांबीवर असतं. हॉर्नच्या आवाजाची तरंगलांबी साधारण अर्धा-एक मीटर, म्हणजे दाराच्या, घराच्या कोपऱ्याच्या मापाची, म्हणून तो मस्त वळतो. उजेडाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. घराच्या कोपऱ्यावर ती वळलेली कुणाला दिसणार? तिच्यासाठी आडोसाही तसाच बारीक पाहिजे.

१८०० नंतरच्या पहिल्या दोनचार वर्षांत इंग्लंडमध्ये थॉमस यंगने असा बारीक आडोसा घेतला. खिडकीच्या भोकातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत त्याने एक पातळ कार्ड कडेने धरलं, तिरीप दोन भागांत फुटली आणि समोर कार्डाच्या सावलीत उजेड-अंधाराचे पट्टे आले. मग त्याने कार्डाच्या एका बाजूचा उजेड अडवला, तर सावलीतले पट्टे गेले. दोन्ही बाजूंनी येणारा उजेड एकमेकात मिसळून कुठे वाढत होता आणि कुठे चक्क एकमेकाला मारत होता. दाण्यांमध्ये दाणे घातले तर दाणे वाढतात, कमी होत नाहीत. उजेडात उजेड घालून अंधार होतो ही गोष्ट फक्त लहरीलाच जमते.

मागच्या अंकात मी केसाचा प्रयोग दिला होता तो याच जातीचा. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी परत: एक केस ताणून कार्डबोर्डच्या चौकटीत चिकटवायचा, लाल लेझर पॉइंटर टेबलावर पक्का बसवून त्याचा झोत केसावर पाडायचा, अंधाऱ्या खोलीत तीनेक मीटरवरच्या भिंतीवर बघायचं. एक ठिपका आणि त्यात केसाची सावली दिसेल असं वाटतं ना, प्रत्यक्षात आडवी पसरलेली लाल तुकड्यांची रांग दिसते, मध्ये मध्ये काळ्या फटी. लेझर कुणाच्या डोळ्यात जाऊ द्यायचा नाही आणि समोर आरसा, काच, स्टीलचं भांडं ठेवायचं नाही, एवढं पाळाच.

इथपर्यंत लहर जिंकली. आता कणाची बाजू, ती खालच्या डार्करूमच्या पत्रात नीट येते, इथे एवढंच धरून चाल की उजेड जेव्हा कुठेतरी आपली शक्ती देतो तेव्हा ती ठरलेल्या गठ्ठ्यात देतो. पोदेराकडे अर्धा उंडो, म्हणजे त्याचा गोल पाव, मागितला तर तो तोडून देत नाही, उंडो घ्यायचा तर अख्खा, तसं. या गठ्ठ्याला फोटॉन म्हणतात. लाल लेझर एक मिलिवॅटचा असेल तर त्यातून सेकंदाला साधारण ३३ कोटी कोटी फोटॉन निघतात. तीन मीटर जायला उजेडाला एका सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो, हिशोब केलास तर पॉइंटर ते भिंत एवढ्या हवेत कुठल्याही क्षणी तीन कोटींच्या वर फोटॉन असतात. आता तू म्हणशील मग गर्दीत ते एकमेकांवर आपटून पट्टे करत असतील. हा संशय फार चांगला आहे आणि तो मोठमोठ्या लोकांना आला होता.

म्हणून उजेड कमी करत नेऊन बघायचं. १९०९ मध्ये केंब्रिजला जी. आय. टेलर नावाच्या तरुण मुलाने सुईच्या सावलीचा फोटो काढला, मैलभर लांबच्या मेणबत्तीचा येईल एवढ्या मंद उजेडात, सगळ्यात लांब एक्स्पोजर जवळजवळ २००० तास, म्हणजे तीन महिने प्लेट तशीच ठेवलेली. पट्टे जोरदार उजेडात येतात तेवढेच स्वच्छ आले. तरी नुसता दिवा मंद केला म्हणजे फोटॉन एकएकटे येतात असं छातीठोक म्हणता येत नाही, दोन-तीन घोळक्याने येऊ शकतात. खरे एकेकटे फोटॉन घेऊन काम झालं ते १९८६ साली फ्रान्समध्ये, अलाँ आस्पे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलं. त्यांनी एकेक फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर सोडला, अर्धा उजेड सरळ जाईल अर्धा वळेल असा आरसा, आणि दोन्ही वाटांवर डिटेक्टर ठेवले. लहर असती तर दोन्हीकडे अर्धी अर्धी पोचून दोन्ही डिटेक्टर बऱ्याचदा एकदम वाजले असते. तसं झालं नाही, एक तरी वाजायचा नाहीतर दुसरा. फोटॉन तुटत नाही. मग त्याच फोटॉनांसाठी त्यांनी दोन्ही वाटा पुढे परत एकत्र आणल्या आणि तिथे व्यतिकरण, म्हणजे यंगच्या पट्ट्यांसारखं कुठे वाढणं कुठे एकमेकाला मारणं, मिळालं, म्हणजे ज्याचे दोन तुकडे होत नाहीत त्या एकट्या फोटॉनच्या वागण्यात दोन्ही वाटांचा हिशोब होता.

आता तुझं "कधी कण कधी लहर" हे वाक्य परत वाच. त्यातला "कधी" हा शब्दच घोळ करतो, असं वाटतं की उजेड सकाळी एक कपडे घालतो आणि दुपारी दुसरे. भिंतीच्या जागी एकेक फोटॉन टिपणारा कॅमेरा ठेवून एकेकटे फोटॉन सोडले तर काय दिसेल बघ: पहिला कुठेतरी एक ठिपका, अख्खा, पसरट नाही. दुसरा दुसरीकडेच. पाच-पन्नास होईपर्यंत काही अर्थ लागत नाही, अंगणात पहिल्या पावसाचे थेंब पडतात तसे कुठेही. हजार झाले की काही जागा दाट वाटायला लागतात, लाख झाले की तेच पट्टे. प्रत्येक ठिपका कणाचा आणि ठिपक्यांची मांडणी लहरीची, एकाच प्रयोगात, एकाच वेळी. बदललं काहीच नाही. कुठे सापडण्याची शक्यता किती हे लहरीच्या नियमाने ठरतं, सापडतो मात्र अख्खा. लहरीची उंची घे, तिचा वर्ग कर, तेवढी तिथे सापडण्याची शक्यता, हे मॅक्स बॉर्नने १९२६ मध्ये सांगितलं. नेमका पुढचा ठिपका कुठे पडेल ते मात्र कुणालाच सांगता येत नाही, आणि ते आपली मशीन कमी पडतात म्हणून नव्हे.

इलेक्ट्रॉनचंही असंच आहे, त्याच्याकडे तर वजन आहे, चार्ज आहे, त्याला कण म्हणायला कुणाची हरकत नव्हती. १९२४ मध्ये लुई द ब्रॉग्लीने थिसीसमध्ये लिहिलं की उजेडाला दोन्ही बाजू असतील तर पदार्थालाही का नसाव्यात, तरंगलांबी म्हणजे प्लांकचा स्थिरांक (निसर्गातला एक ठरलेला, फार बारीक आकडा) भागिले संवेग (वस्तुमान गुणिले वेग). तेव्हा अमेरिकेत डेव्हिसन निकेलवर इलेक्ट्रॉन मारून बघत होता, लहर वगैरे त्याच्या डोक्यातही नव्हती. १९२५ मध्ये त्याच्या लॅबमध्ये द्रवरूप हवेची बाटली फुटली, गरम निकेलमध्ये हवा घुसून ते गंजलं, स्वच्छ करायला त्याने ते खूप तापवलं आणि त्या तापवण्यात निकेलच्या बारीक स्फटिकांचे मोठे स्फटिक झाले. परत मारा केला तर रीडिंग पार वेगळं. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, डेव्हिसन आणि जर्मर यांनी ५४ व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांचा ५० अंशावरचा उंचवटा दाखवला, म्हणजे त्या कोनात परत येणारे इलेक्ट्रॉन एकदम जास्त, त्यावरून तरंगलांबी ०.१६५ नॅनोमीटर निघाली आणि द ब्रॉग्लीच्या सूत्राने ०.१६७ येते. हे दोन आकडे स्वतः काढून बघ, बारावीच्या गणिताने निघतात, आणि निघाल्यावर जे वाटतं ते मला आजही वाटतं. ठिपक्या-ठिपक्याने पट्टे भरत जाताना इलेक्ट्रॉनांचं चित्रणसुद्धा झालंय, जपानमध्ये तोनोमुरा यांच्या गटाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलं ते.

पेपरात काय लिहायचं? पुस्तकातलं वाक्य लिही, मार्क घे, आणि खाली एक ओळ स्वतःची लिही: प्रसार तरंगाच्या नियमाने, देवाणघेवाण अख्ख्या क्वांटमने (म्हणजे गठ्ठ्याने). पेपर तपासणाऱ्याला बरं वाटेल.

प्रश्न : आमचा म्हापशात फोटो स्टुडिओ होता. डार्करूममध्ये लाल बल्ब लावून आम्ही तासन् तास ब्लॅक अँड व्हाइटचे कागद हाताळायचो, काही व्हायचं नाही, पण दाराच्या फटीतून उन्हाची एक बारीक रेघ आली की कागद वाया. लाल बल्बचा एकूण उजेड जास्त असूनही असं का, हे वडिलांना विचारलं तर म्हणायचे लाल चालतो म्हणून चालतो. (एक जुने फोटोग्राफर, म्हापसा)

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. आइन्स्टाइनला ज्यासाठी नोबेल मिळालं ते तुम्ही रोज हाताने करत होता.

उजेड नुसती लहर असेल तर काय अपेक्षा असते बघा. खाजन शेतीचा बांध असतो, त्यावर खाडीच्या बारीक लाटा आपटत राहिल्या तरी हळूहळू माती जातेच, मोठ्या लाटा आल्या तर लवकर जाते, बारीक असल्या तर वेळ लागतो, पण जमा होत होत शेवटी बांध फुटतो. उजेडही असाच शक्ती साठवत जात असेल तर लाल बल्बने तासाभरात कागद काळा व्हायला हवा होता. होत नाही, कारण कागदातल्या चांदीच्या मिठाच्या स्फटिकाला जे हवं ते एका फोटॉनकडून एका फटक्यात हवं असतं. त्या फटक्याने स्फटिकात एक इलेक्ट्रॉन सुटा होतो, तो चांदीचा अणू तयार करतो, असे मोजके अणू एका जागी जमले की डेव्हलपरमध्ये तो कण काळा पडतो. लाल फोटॉनकडे साधारण १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (एवढी बारीक शक्ती मोजायचं माप) एवढी शक्ती असते, निळ्याकडे २.७ च्या आसपास, आणि साध्या कागदाचं काम निळ्यानेच होतं. लाल फोटॉन कोटी कोटी आले तरी त्यातला प्रत्येक एकटा कमीच पडतो, ते वर्गणी काढत नाहीत. उन्हाच्या रेघेत निळे फोटॉन होते, म्हणून संपलं. तुम्ही पुढे कलर फिल्म हाताळली असेल तर आठवत असेल तिला लाल बल्बसुद्धा चालायचा नाही, पूर्ण काळोख लागायचा, कारण तिच्यात लाल उजेड शोषणारे रंग मुद्दाम घातलेले असतात.

धातूवर उजेड पाडला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, त्याची चाहूल १८८७ मध्ये हर्ट्झला लागली, आणि तीसुद्धा उजेड ही विद्युतचुंबकीय लहर आहे हे मॅक्सवेलचं म्हणणं सिद्ध करताना, म्हणजे लहरीचा पुरावा गोळा करता करता कणाची पहिली खूण हाताला लागली. १९०२ मध्ये लेनार्डने मोजलं, उजेड वाढवला की जास्त इलेक्ट्रॉन सुटतात पण एकेकाचा जोर तेवढाच राहतो, जोर बदलायचा तर रंग बदलावा लागतो. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने सांगितलं की प्लांकने १९०० मध्ये तापलेल्या वस्तूंसाठी काढलेले शक्तीचे गठ्ठे उजेडातच आहेत असं मानलं की सगळं बसतं: गठ्ठ्याची शक्ती म्हणजे प्लांकचा स्थिरांक गुणिले वारंवारता. अमेरिकेतल्या मिलिकनला हे अजिबात पटलं नाही, त्याने जवळजवळ दहा वर्षं घालून फार सफाईने मोजमाप केलं आणि १९१६ मध्ये आकडे आइन्स्टाइनच्याच सूत्रावर बसले. स्वतःला न पटणारी गोष्ट एवढ्या प्रामाणिकपणे मोजणाऱ्या मिलिकनबद्दल मला फार आदर आहे, वर्गात मी त्याचं नाव आइन्स्टाइनएवढ्याच जोराने घ्यायची.

तेव्हा तुमचे वडील म्हणायचे तो नियम खरा होता, कारण असं.

प्रश्न : छपरावर सोलर पॅनल बसवलेत. पावसाळ्यात ढग आले की डिस्प्लेवर अँपिअर धाडकन पडतात पण व्होल्ट थोडेच खाली येतात. पॅनलमध्ये काही बिघाड आहे का? (साखळीहून)

उत्तर : बिघाड नाही, पॅनल अगदी नीट आहे. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला साधारण १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि दिसणाऱ्या उजेडातला प्रत्येक फोटॉन, लालसुद्धा, त्याहून मोठा असतो. ढग येतात तेव्हा फोटॉनांची संख्या घटते, एकेकाची ताकद नाही. अँपिअर म्हणजे सेकंदाला किती इलेक्ट्रॉन वाहतात ती संख्या, ती फोटॉनांच्या संख्येबरोबर सरळ पडते. व्होल्ट मुख्यत्वे सिलिकॉनच्या त्या १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून ठरतात, त्यामुळे ते हळूहळूच उतरतात. उलट एप्रिल-मेच्या भर दुपारी पॅनल तापल्यावर व्होल्ट जरा कमी दिसतील, तेव्हाही घाबरू नका, ते उष्णतेमुळे. हा डार्करूमच्या पत्राच्या उत्तरात धातूवरचा जो परिणाम आला त्याचा भाऊ आहे, फरक एवढाच की तिकडे धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, इथे आतल्या आत मोकळा होऊन तारेत जातो.

प्रश्न : मी एफवाय बीएससीला आहे. फोटॉन म्हणजे उजेडाची बारीक गोळी असं डोक्यात ठेवलं तर चालेल का? (पेडणे)

उत्तर : नाही चालणार, आणि वर मी उंड्याचं उदाहरण दिलंय ते कुठे मोडतं हे सांगायची जबाबदारीही माझीच आहे.

दोन उंडे आणि दोन टोपल्या घे. किती प्रकारे ठेवता येतील? दोन्ही पहिल्या टोपलीत, दोन्ही दुसरीत, हा इथे तो तिथे, तो इथे हा तिथे, चार. उंडे कितीही सारखे दिसले तरी हा हा आहे आणि तो तो आहे, एकावर खूण करता येते. फोटॉनांवर खूण करता येत नाही, हाताला येत नाही म्हणून नाही, "हा" आणि "तो" असा फरक तिथे नसतोच. त्यामुळे शेवटचे दोन प्रकार एकच आणि मोजणी तीन येते. १९२४ मध्ये ढाक्याला शिकवत असलेल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी फोटॉन अशा पद्धतीने मोजले आणि तापलेल्या वस्तूच्या उजेडाचं प्लांकचं सूत्र लहरीची मदत न घेता नीट निघालं. त्यांनी तो लेख सरळ आइन्स्टाइनला पाठवला, आइन्स्टाइनने स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापून आणला. चारच्या जागी तीन, एवढ्याशा फरकातून हे निघालं. अशी मोजणी चालणाऱ्या सगळ्या कणांना आज बोसॉन म्हणतात ते बोस यांच्याच नावावरून.

म्हणून गोळी नको. अख्खा सापडतो एवढाच गोळीचा गुण घे, बाकी आकार, जागा, रस्ता, ओळख हे गोळीचे गुण त्याला चिकटवू नको.

प्रश्न : हल्ली बऱ्याच व्हिडिओंमध्ये सांगतात की माणसाने बघितलं की कण आणि नाही बघितलं की लहर, म्हणजे मनाच्या शक्तीने वस्तू बदलते हे सायन्सने सिद्ध केलंय. आमच्या सत्संगातही यावर बोलणं झालं. हे खरं का? (एक ज्येष्ठ नागरिक, वास्को)

उत्तर : काका, तुमची श्रद्धा तुमच्या जागी आहे, तिला मी हात लावत नाही, पण सायन्सने हे सिद्ध केलेलं नाही आणि त्याच्या नावावर हे खपवलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खरा भाग एवढा की फोटॉन किंवा इलेक्ट्रॉन दोन वाटांपैकी कुठल्या वाटेने गेला ही खबर कुठेही उमटली तर पट्टे पुसले जातात. "कुठेही" हा शब्द महत्त्वाचा. ती खबर माणसाला कळायलाच पाहिजे असं नाही. व्हिएन्नामध्ये १९९९ साली त्सायलिंगर यांच्या गटाने कार्बनच्या ६० अणूंच्या रेणूंचे पट्टे दाखवले होते, फुटबॉलसारखा दिसतो तो रेणू. मग २००४ मध्ये तिथेच ७० अणूंचा रेणू घेऊन त्याला लेझरने तापवत नेलं. तापलेली वस्तू उजेड फेकते, तव्यासारखी, तसा तो रेणू उडता उडता स्वतःच फोटॉन फेकायला लागला. त्या फोटॉनातून रेणू कुठे होता याची थोडी थोडी खबर बाहेर जाते. जसजसा तो तापत गेला तसतसे पट्टे फिके होत होत गेले. ते फोटॉन कुणी बघितले नाहीत, कुणी मोजले नाहीत, ते यंत्राच्या भिंतीत जाऊन विरले. कुणाचं मन तिथे नव्हतं. तरी पट्टे गेले.

"बघणं" या शब्दाने हा सगळा गोंधळ केलाय. तिथे "धक्का लागून खबर उमटणं" असं वाचा म्हणजे व्हिडिओतली अर्धी वाक्यं आपोआप गळून पडतील. आता एक ठिपका इथेच का पडला, तिथे का नाही, याचा अर्थ कसा लावायचा यावर फिजिक्सवाल्यांमध्ये आजही खरे मतभेद आहेत, ते मी लपवत नाही. पण मतभेद अर्थावर आहेत, आकड्यांवर नाहीत.

प्रश्न : माझ्या सातवीतल्या मुलाने विचारलंय, सगळं जर लहर असेल तर मी दारातून जाताना वाकडा का होत नाही? (एक आई, फोंडा)

उत्तर : होतो, पण किती ते बघा. तो ४० किलोचा धरा, सेकंदाला एक मीटर चालतोय. त्याची तरंगलांबी मीटरमध्ये लिहायची तर शून्य, दशांशचिन्ह, पुढे ३४ शून्यं आणि मग कुठे पहिला आकडा. अणूच्या मधला प्रोटॉनसुद्धा यापुढे अवाढव्य, शंभर अब्ज-अब्ज पट मोठा. हॉर्नचा आवाज दाराच्या मापाचा होता म्हणून वळला, तुमच्या मुलाच्या मापाची फट जगात कुठेच नाही. शिवाय त्याच्या अंगावर हवा आणि उजेड सतत आपटतोय, तो कुठे आहे ही खबर प्रत्येक क्षणाला चहूकडे जातेय, वरच्या पत्रातल्या तापलेल्या रेणूसारखीच. त्याला सांगा की प्रश्न एकदम योग्य आहे आणि हाच प्रश्न विचारत लोक मोठमोठे रेणू घेत चाललेत, २०१९ पर्यंत दोन हजारांच्या आसपास अणू असलेल्या रेणूंचे पट्टे दिसलेत.

प्रश्न : टीचर, मागच्या अंकातला केसाचा प्रयोग आम्ही दोघा भावांनी लाइट गेली तेव्हा रात्री केला. भिंत २.८ मीटरवर. माझ्या केसाला दोन काळ्या फटींमध्ये २.५ सेंटिमीटर आले, आईच्या केसाला ३. पण मधला लाल तुकडा बाकीच्यांच्या दुप्पट लांब येतोय, ५ सेंटिमीटर. आमचं काही चुकलं का? (काणकोण)

उत्तर : काही चुकलं नाही, उलट मला खूप आनंद झाला, कारण ही दुप्पट तुम्ही न सांगता पकडलीत. काळी फट तिथे पडते जिथे केसाच्या एका कडेकडून आणि दुसऱ्या कडेकडून येणाऱ्या वाटांमध्ये एका अख्ख्या तरंगलांबीचा फरक पडतो, मग दोन तरंगलांबींचा, मग तीनचा. डावीकडे पहिली, उजवीकडे पहिली, आणि बरोबर मध्ये, जिथे फरक शून्य, तिथे फट नाहीच. एक फट गाळली गेली म्हणून मधला तुकडा दोन घरांचा.

आता जाडी काढा. तुमच्या पॉइंटरवर ६५० नॅनोमीटर लिहिलं असेल, नसेल तरी लाल पॉइंटर बहुतेक तेवढ्याचाच असतो. तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर भागिले दोन फटींमधलं अंतर. तुझा केस निघतो ७३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आईचा ६१. पट्टे रुंद आले तो केस बारीक, हे उलटं आहे ते लक्षात आलं ना? आता धाकट्याचा केस राहिला, तो मोजा, आणि मग काथ्याचा एक धागा लावून बघा. तो जाड असतो, फटी इतक्या जवळ येतील की मोजायला भिंत लांब न्यावी लागेल, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत करा. एक फट मोजू नका, मधला तुकडा सोडून एकाच बाजूच्या पहिल्या फटीपासून अकराव्या फटीपर्यंतचं अंतर मोजून दहाने भागा.